एका खाचेचं कार्ड

त्या वर्षांत बीडमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. आमच्या घराच्या पुढच्या खोलीवरही एक लागली. मी लग्नाआधी औरंगाबादला हार्डवेअरचा कोर्स केला होता. नवरा शाळेत शिक्षक. सकाळ-संध्याकाळ मी मुलांना टायपिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवायची आणि दुपारी दुरुस्तीची कामं घ्यायची. बाईमाणूस पेचकस घेऊन कॅबिनेट उघडते याचं लोकांना नवल वाटायचं, पण ज्यांचं मशीन बंद पडलेलं असायचं त्यांना नवल करत बसायला सवड नसायची.

अप्पा आले ते अशाच एका दुपारी. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. नेकनूरला त्यांचं कापडाचं दुकान होतं. तालुक्याला माल घ्यायला आलेला दुकानदार जसा बसतो, तसे ते खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. तिच्यातून त्यांनी एक खोका काढला आणि माझ्यापुढं ठेवला. खोका एका कोपऱ्यावर चेपलेला होता.

"हे बसवून पाहिजे," ते म्हणाले.

आत ग्राफिक्स कार्ड होतं, चंदेरी पिशवीत गुंडाळलेलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र पाठवायचं काम हे कार्ड करतं. साध्या टायपिंगला कसलंही चालतं, पण मोठी चित्रं फिरवून बघायची, नकाशे काढायचे, तर चांगलं लागतं. हे चांगलं होतं. बीडमध्ये तसलं मी तोवर हातात घेतलं नव्हतं.

"मशीन कुठंय?"

"घरी. नेकनूरला. मुलाचं हाय."

"मग त्यालाच पाठवा ना मशीन घेऊन. इथंच बसवून देते."

अप्पांनी खोक्याकडं बघितलं. "तो न्हाई आता," ते म्हणाले. "हे आणायला गेलता औरंगाबादला. येताना जीप पलटी झाली. पालीच्या पुढं."

ती जीप मला आठवली. सगळ्या बीडला आठवत होती. काळी-पिवळी, खच्चून भरलेली, समोरून ट्रक आलेला. आम्ही ती बातमी ऐकली होती आणि चार दिवस बोलून विसरून गेलो होतो. त्यातला एक माणूस आता खोक्याच्या रूपात माझ्या टेबलावर होता.

मी चंदेरी पिशवीतून कार्ड बाहेर काढलं. काहीतरी बोलावं म्हणून नव्हे, बोलावं लागू नये म्हणून. खालच्या सोनेरी दातांवर बारीक चरे उठले होते.

"हे कुणी बसवून बघितलं होतं का?"

"मी," अप्पा म्हणाले. "पाहुणे-रावळे परत गेल्यावर एक दिवस वर त्याच्या खोलीत गेलो. त्याला उघडताना बघितलेलं होतं. झाकण काढलं, आत जागा रिकामी होती, तिथं लावून बघितलं. लई दाबलं. बसलं न्हाई. मंग म्हटलं आपला हात ह्यातला न्हाई. खराब तर केलं न्हाई ना मी?"

"नाही, कार्ड चांगलं दिसतंय."

ते जरा मोकळे झाले. मग खाली बघत म्हणाले, "तवापासून अजून एक चालू हाय. म्हंजे तुमी हसाल. लाईट गेली आन परत आली की ते मशीन आपलं आपण चालू होतं. आन वाजतं. लांब वाजतं आन मंग बारीक बारीक. घरात कुणी वर नसतं."

मी हसले नाही. त्यांना सांगितलं, की यात काही वावगं नाही. मशीनमध्ये एक सोय असते, की वीज परत आली की आपोआप चालू व्हायचं. लोडशेडिंगमुळं पुष्कळ जण ती लावून ठेवतात. तुमच्या मुलानंही लावली असेल. आणि आतलं कार्ड काढलेलं असेल तर मशीनला पडदा सापडत नाही, म्हणून ते तसं वाजतं. एक लांब आणि दोन आखूड, म्हणजे चित्राचं कार्ड नाही.

"भिंतीवरचं बटण बंद करून टाका की," मी म्हणाले.

"मला कळतंय ते," अप्पा म्हणाले. "पण त्याची आई बंद करू देत न्हाई."

दोन दिवसांनी मी नेकनूरला गेले. पालीच्या धरणाचं पाणी डाव्या अंगाला दिसायला लागल्यावर जीपमधली माणसं बोलत होती ती बोलतच राहिली. मी मात्र खिडकीचा गज धरून बसले. त्या रस्त्यानं मी कितीदा तरी गेले होते. वळणावर कुणीतरी दगड रचून त्याला कुंकू लावलं होतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दुकान बाजारपेठेतच होतं. खाली दुकान, मागं राहतं घर, आणि लोखंडी जिन्यानं वर गेलं की पत्र्याची एकच खोली. काकू जिन्याच्या खालच्या पायरीवर गहू निवडत बसल्या होत्या. अप्पांची बायको, पण मला त्या त्यांच्यापेक्षा म्हाताऱ्या वाटल्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि उठल्या.

"कॉम्प्युटरवाल्या ताई आल्यात," अप्पा म्हणाले.

काकूंनी माझ्याकडं नीट बघितलं. "ताई, तुमी त्याला शिकवलंय का?"

"नाही काकू. माझी ओळख नव्हती."

"बीडलाच तर यायचा रोज. पॉलिटेक्निकला. मला वाटलं वळखत असताल."

मी पुन्हा नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली, जणू ओळख नसणं हा माझा नाइलाजच होता.

वरच्या खोलीत खाट होती, गुंडाळलेली गादी होती, आणि टेबलावर कॉम्प्युटर. त्यावर कुणीतरी साडीचा धुतलेला तुकडा पसरला होता. धूळ नव्हती. मी कॅबिनेट उघडलं. आतून मशीन अगदी स्वच्छ होतं. वायरी वळवून धाग्यानं बांधलेल्या. हे काम मन लावून करणाऱ्या हाताचं होतं. चित्राच्या कार्डाची फट रिकामी होती. तिथलं जुनं कार्ड त्यानं काढून बरोबर नेलं होतं, दुकानात देऊन नवं आणायला.

मी नवं कार्ड त्या फटीजवळ नेलं आणि न लावताच थांबले.

हे सांगायला थोडं समजावून सांगावं लागेल. कार्डाच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि मदरबोर्डावरच्या फटीत तिच्या जागी एक आडवा खिट्टा असतो. जुने बोर्ड कार्डाला जास्त दाबाची वीज देत, नव्या कार्डांना कमी दाबाची लागे. चुकीच्या कार्डाला चुकीची वीज मिळून दोन्ही जळू नयेत, म्हणून खाचेची जागाच वेगळी ठेवलेली. काही कार्डांना दोन्ही जागी खाचा असत, ती कुठंही चालत. ज्याला एकच खाच, ते फक्त आपल्या जातीच्या बोर्डावर. म्हणून जुन्या मशीनसाठी कार्ड घेताना पहिली गोष्ट बघायची ती ही. माझ्या हातातल्या कार्डाला एकच खाच होती, आणि ती पलीकडच्या टोकाला होती. बोर्ड जुना होता. अप्पांनी कितीही जोर लावला असता तरी ते बसलं नसतं. कुणालाच बसवता आलं नसतं.

दोघं माझ्या मागं उभे होते. काकूंच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता.

मला ते त्या क्षणी बोलायचं नव्हतं. मी माझ्या पिशवीतून क्लासमधलं एक जुनं, साधं कार्ड काढलं आणि शेजारच्या दुसऱ्या प्रकारच्या फटीत बसवलं. म्हटलं, आधी बाकीचं मशीन जिवंत आहे का ते बघू. बटण दाबलं. या वेळी लांब आवाज आला नाही, एकच छोटासा आला, आणि पडदा उजळला.

काकू पुढं आल्या. पडद्यावर महादेवाचं चित्र होतं आणि त्याच्या बाजूला ओळीनं लहान लहान चिन्हं. एका चिन्हाखाली लिहिलेलं होतं, 'घर'.

"ते काय हाय?" त्यांनी विचारलं.

मी ते उघडलं. नकाशे काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढलेलं काहीतरी होतं. माझ्या साध्या कार्डाला ते झेपेना. आधी एक भिंत आली, मग तिचा अर्धा भाग पुसला गेला, मग जिन्यासारख्या रेघा आल्या आणि पडदा तसाच गोठला. मी वाट बघितली. काही हललं नाही.

"ह्याच्यासाठीच पाहिजे होतं त्याला नवं," अप्पा म्हणाले. "म्हणायचा, अप्पा, फिरतच न्हाई. दुकानावर माडी बांधायची ती काढली हाय, पण फिरवून दाखवता येत न्हाई. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे, मंग घे. ऐकलं न्हाई."

आता टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी दोन्ही वस्तू त्यांच्या समोर धरल्या, खाच दाखवली, खिट्टा दाखवला. म्हटलं, "अप्पा, हे कार्ड या मशीनला बसत नाही. तुमचा हात चुकला नाही. हे या बोर्डाचंच नाही."

अप्पांनी कार्ड हातात घेतलं, खाचेवरून अंगठा फिरवला. कापडाचा पोत बघावा तसा.

"मंग त्यानं बघितलं न्हाई का?" ते म्हणाले.

मी एक स्क्रू पुसायला घेतला.

"इतका हुशार होता. सगळी गल्ली त्याच्याकडून दुरुस्त करून न्यायची. त्याला एवढं कळलं न्हाई? म्हंजे तो नीट घरी आला असता, तरी हे बसलं नसतंच?"

"नसतं बसलं."

"परत जावं लागलं असतं."

"हो."

ते खाटेवर बसले. मुलगा गेला ते एक होतं. तो ज्यासाठी गेला ते फुकट होतं, हे त्यांना मी त्या दिवशी सांगितलं होतं. मी पुष्कळ घरांत मशीनं उघडली, पण कुणाच्या तोंडाकडं बघायचं टाळण्यासाठी इतका वेळ स्क्रू पुसत बसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

काकूच बोलल्या. "आमी हे त्याच्यासोबतच देणार होतो," त्या मला म्हणाल्या. "शेतात ठेवलाय त्याला. आमच्यात जाळत न्हाईत, मातीत बसवून ठेवत्यात. हे म्हणले, त्याच्या मांडीवर ठेवू, त्याचं हाय. मी देऊ दिलं न्हाई. म्हटलं घरी आणायलाच तर गेलता, घरीच ऱ्हाऊ द्या."

मी म्हणाले, "काकू, माझं हे साधं कार्ड राहू द्या यात. मशीन चालू राहील. आवाजही येणार नाही."

"काढून न्या ते," काकू म्हणाल्या. "वाजतंय तर वाजू द्या."

"पण तुम्हाला त्रास…"

"ताई, मला मालूम हाय ते भूत न्हाई. तुमी कावून समजावता? लाईट आली की वाजतं. मी वर येते, बटण दाबते, खाली जाते. तो असताना पण हेच करत होते. लाईट आली की हे चालू व्हायचं आन तो गावात हिंडत असायचा. मीच बंद करायची."

अप्पांनी तोवर मान वर केली होती. "हे बसत न्हाई म्हंजे बाकीचं बदलून बसंल का?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलं नाही.

"कार्ड बदलायचं न्हाई. बाकीचं बदला. जे जे बदलावं लागंल ते."

मी त्यांना सांगितलं, की बोर्ड बदलला की प्रोसेसर बदलावा लागेल, रॅम बदलावी लागेल. एका कार्डासाठी कुणी असं करत नाही. त्याच्या मशीनमधली डिस्क आणि वरचा डबा एवढंच जुनं राहील.

"ऱ्हाऊ द्या तेवढंच," अप्पा म्हणाले. "ह्ये बसलं पाहिजे."

मी माझं कार्ड काढून घेतलं, झाकण लावलं. खाली उतरले तेव्हा लाईट गेली होती. जीप मिळेपर्यंत मी पेठेत उभी होते. तेवढ्यात दुकानांचे दिवे लागले आणि मागून, पत्र्याच्या खोलीतून तो आवाज आला. लांब, मग आखूड, आखूड. शेजारचा भजीवाला कढईत झारा फिरवत राहिला. त्याला सवय झाली असावी. मी वळून बघितलं तर काकू जिना चढत होत्या, पदर डोक्यावरून घेऊन, देवळाच्या पायऱ्या चढाव्यात तशा सावकाश.

त्यानंतर किती तरी दिवस क्लासमध्ये एखाद्या मशीननं तसा आवाज केला, की माझ्या हातातलं काम सुटायचं. मुलं म्हणायची, मॅडम, कार्ड हललंय फक्त. मी म्हणायची, माहीत आहे. आणि तरी उठून आधी दाराकडं बघायची.

त्या खोक्यावर आतल्या बाजूला औरंगाबादच्या दुकानाचा शिक्का होता. मला तिथंच जायचं होतं. बोर्ड कुठंही मिळाला असता, पण ज्यानं कार्ड दिलं त्याच्याकडूनच त्याच्या जोडीचा बोर्ड घ्यावा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण मला ठाऊक होतं. अप्पांचा तो प्रश्न माझ्या मागं लागला होता. त्यानं बघितलं नाही का? मी न पाहिलेल्या त्या मुलाचे हात मला दिसायचे, नीट वळलेल्या वायरी, धाग्याच्या गाठी. असा हात खाच न बघता कार्ड उचलेल, हे मनाला पटत नव्हतं.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालचा गाळा होता. मालक माझ्याच वयाचा, चटपटीत. समोर गिऱ्हाईक, कानाला फोन, हातात कुणाचं तरी उघडलेलं मशीन. मी कार्ड त्याच्यापुढं ठेवलं आणि याच्या जोडीचा बोर्ड दाखवा म्हणाले.

त्यानं कार्ड ओळखलं. "हे तर आमच्याकडचंच. त्या बीडच्या पोराचं ना? जुनं कार्ड ओढणीत का कशात गुंडाळून आणलेलं. बारका होता. चष्मेवाला. बराच वेळ बसला होता इथं."

चष्म्याचं मला माहीत नव्हतं. त्या घरात मी फोटो बघितला नव्हता, किंवा असला तरी तिकडं बघितलं नव्हतं.

"त्याला तुम्ही सांगितलं नव्हतं का, की हे जुन्या बोर्डाला बसत नाही?"

त्यानं फोन ठेवला. "सांगितलं की मॅडम. आम्ही बघूनच देतो. त्याचं जुनं कार्ड हातात घेतलं तेव्हाच सांगितलं, तुझा बोर्ड जुना, ह्याला चालणार नाही, दोन खाचांचं घे. तर हसला. म्हणाला, मला माहितेय. आधी हे घेऊन जातो. हे घरात आलं की वडिलांना सांगतो, आता ह्याला बोर्ड लागतो. कार्ड पडून राहिलेलं त्यांना बघवणार नाही."

मग मला सांगावं लागलं, तो मुलगा कसा गेला ते. दुकानदाराचा चेहरा उतरला. "अरे," तो म्हणाला. एवढंच. मग तो आतून बोर्ड शोधून घेऊन आला, स्वतः कार्ड लावून दाखवलं. ते खट् करून बसलं. इतक्या सहज, की मला त्याचा राग आला.

बसमध्ये परत येताना माझं मन दोन बाजूंना ओढत होतं. तो खरं बोलला असेल. पण तो दुकानदार होता. चुकीचा माल दिल्याचं कुणी विचारायला आलं, तर 'आम्ही सांगितलं होतं' हेच त्यानं म्हटलं असतं. की त्याला दुसराच कुणी बीडचा मुलगा आठवत होता? पण तसं असतं तर ते हसणं, ते बोलणं, इतकं तयार कुठून आलं? गेवराई गेली, गाडी भरली, रिकामी झाली. मी मांडीवर बोर्डाचा खोका घेऊन बसले होते, आणि हाच रस्ता, असाच खोक्याचा भार त्या मुलाच्या मांडीवरही असणार, हे मनातून काही केल्या जाईना. तो काय विचार करत आला असेल? घरी जाऊन वडिलांना कसं फसवायचं याचा, की खुशीत काहीच न कळता?

नेकनूरला गेले तेव्हा मी अप्पांना आधी तेच सांगितलं. दुकानदार काय म्हणाला ते, त्याच्याच शब्दांत. आणि हेही सांगितलं, की मी तिथं नव्हते, खरं-खोटं मला माहीत नाही.

अप्पा ऐकत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते.

"बघा कसा हाय," ते काकूंना म्हणाले. "मला कोड्यात पाडणार होता. सायकलीचं असंच केलं न्हाई का? आधी घंटी घेऊन आला. म्हणला, अप्पा, घंटी तर हाय, आता सायकल नसली तर वाजवायची कशाला लावून? हे त्याचंच बोलणं हाय. दुसऱ्या कुणाचं असूच शकत न्हाई."

ते बराच वेळ हसले, डोळे पुसले, परत हसले. काकूंनी त्यांना हसू दिलं. मग मला म्हणाल्या, "दुकानदार लबाड बोलतोय."

"असं का म्हणता?"

"त्याला मालूम असतं तर मला सांगून गेला असता. यांना सांगत नव्हता, पण मला सांगायचा. घंटीचं पण मला आधी सांगितलं होतं. ह्या टायमाला न्हाई सांगितलं. म्हंजे त्याला ठाऊकच नव्हतं. फसवलं माझ्या लेकराला त्या माणसानं."

दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. एकाच मुलाबद्दल बोलत होते आणि दोघांचे मुलगे वेगळे होते. एकाचा हसत गेला, एकीचा फसून गेला. कुणाचा खरा, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं, आणि मी मध्ये बोर्डाचा खोका उघडत होते.

काम दुपारभर चाललं. जुना बोर्ड काढला, नवा बसवला. त्यानं बांधलेले धागे कापावे लागले. काकूंनी ते माझ्या हातातून घेऊन मुठीत ठेवले. शेवटी कार्ड त्या फटीत सरकवलं. अप्पा म्हणाले, "मी दाबू का?" मी बाजूला झाले. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं आणि ते बसलं. त्यांनी हात तसाच थोडा वेळ ठेवला.

मशीन चालू झालं. आत सगळं नवं असल्यामुळं ते बराच वेळ नवीन नवीन वस्तू सापडल्याचं सांगत राहिलं, आणि मी एकेक उत्तर देत गेले. मग महादेव आले, आणि मी 'घर' उघडलं.

या वेळी ते पुरतं आलं. खाली दुकान, वर माडी, बाहेरून जिना. करड्या रंगात, सावल्यांसकट. मी माऊस फिरवला तसं ते घर फिरायला लागलं, अगदी हळू, कुठंही न अडकता. समोरून दुकानाचं फळकुट दिसलं, मागून मोरी, वरून गच्ची. अप्पा सांगत गेले, हे असं हाय, हे इथं न्हाई, दार त्यानं ह्या अंगाला घेतलं, बरोबर घेतलं, तिकडून ऊन येतं. त्यांचा आवाज गिऱ्हाइकाला माल दाखवताना होतो तसा झाला होता.

"आतमधी जाता येतं का?" काकूंनी विचारलं.

येत होतं. मी दारातून आत नेलं. खोल्या रिकाम्या होत्या. जिन्यानं वर नेलं. वरच्या खोलीत त्यानं एक खाट काढली होती, आणि खिडकी. खिडकीबाहेर काहीच नव्हतं. त्यानं घर तेवढंच काढलं होतं, गाव काढलं नव्हतं. खिडकीतून नुसता करडा रंग दिसत होता, जवळ की लांब ते कळू नये असा.

"यात कुणीच न्हाई?" काकू म्हणाल्या.

"माणसं काढत नाहीत काकू नकाशात."

"आमी दोघं पण न्हाई?"

"नाही."

त्या पडद्याजवळ वाकल्या. त्या खाटेकडं बघत होत्या. मला एकदम त्या खोलीत थंडी वाटली, भर दुपारी, पत्र्याखाली. आम्ही तिघं ज्या खोलीत बसलो होतो, तीच खोली आमच्यासमोर होती, आमच्याशिवाय. मी घर पुन्हा बाहेरून दिसेल असं केलं. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

माडी त्यांनी पुढं बांधली नाही. अप्पा काही दिवस संध्याकाळी दुकान बंद करून वर जात, घर फिरवत बसत, असं मला त्यांनीच सांगितलं. पुढं पुढं जाणं कमी झालं. मग ते मशीन त्यांच्या भाच्यानं नांदूरघाटला नेलं, शिकायला. त्या घराला काय झालं मला माहीत नाही. डिस्क पुसली गेली असेल.

मशीन नेल्यानंतर काकू एकदा बीडला दवाखान्यात आल्या होत्या, तेव्हा माझ्याकडं आल्या. एकट्याच. मुलं टायपिंग करत होती. त्या दारात उभ्या राहून त्यांच्या बोटांकडं बघत राहिल्या. मी त्यांना आत नेलं, पाणी दिलं.

"एक काम होतं ताई. यांना सांगू नका."

"सांगा ना."

"त्या दुकानदाराला अजून एक विचारता का? कार्डाचं न्हाई. त्या दिवशी माझ्या लेकरानं काय खाल्लं होतं का, ते. सकाळी घाईत गेलता. भाकरी बांधून दिलती ती हितंच इसरला. दुकानात लई येळ बसला म्हणत होता ना तो माणूस? मंग चहा-बिहा, काय मागवलं असंल तर."

मी हो म्हणाले. पुढच्या खेपेला औरंगाबादला गेले तेव्हा दुसरं कुठलंही काम करायच्या आधी त्या इमारतीकडं गेले. जिन्याखालच्या गाळ्यात लग्नपत्रिकांचं दुकान झालं होतं. नव्या माणसाला आधीचा कुठं गेला ते ठाऊक नव्हतं. शेजारी विचारलं. कुणी पुणे म्हणालं, कुणी मुंबई.

मी नेकनूरला जाऊन काकूंना तसंच सांगितलं, की दुकान उठलं, माणूस सापडला नाही. काहीतरी गोड रचून सांगावं असं वाटेत मनात आलं होतं. पण जिन्याच्या त्या पायरीवर त्या बसलेल्या, डोळे माझ्यावर, तेव्हा जमलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या. मग सूप जवळ ओढलं. "तिथं कोपऱ्यावर हाटेल असंल की एखादं."

"आहे काकू. मी बघितलं. पोह्याचं आहे."

"पोहे त्याला आवडायचे," त्या म्हणाल्या, आणि गहू निवडायला लागल्या.